समुद्राला हात नसतात

तीन दिवस उत्तरेच्या वाऱ्यानं स्केलविक या कोळीगावाची कौलं खडखडवली, आणि चौथ्या पहाटे तो असा गप झाला की झोपलेली माणसं त्या शांततेनंच जागी झाली. थर्झा हार्लंड दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली. चार वाजले असतील. अंधारात पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. लाट फुटत नव्हती. किनाऱ्याच्या गोट्यांवरून जीभ फिरवल्यासारखी यायची आणि तशीच मागं जायची. वरवर झोपलेला समुद्र आतून कूस बदलत होता. असला समुद्र थर्झाला आवडत नसे. बोंबलणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कळतं. गप बसून बघत राहणाऱ्याचं कळत नाही.

पण तीन दिवस होड्या वाळूवर पडून होत्या, आणि पिंपातले निम्मे शिंपले आ वासून मेले होते. आज होडी न्यायलाच हवी होती.

"दार लाव गं, जानेवारी आत येतोय," चुलीपाशी बसलेली सासू ओरडली.

"कवाच आलाय, आई. तुमच्या मांडीला मांडी लावून बसलाय."

"मग त्याला म्हणावं, सुरी घे न् शिंपले फोड."

केझाया हार्लंड सत्तरीची होती. डोळे अधू झाले होते, पण बोटांना डोळे होते. सुरीचं टोक शिंपल्याच्या सांध्यात घालायचं, मनगट वळवायचं, आतला गोळा वाडग्यात टाकायचा, टरफल खाली. साठ वर्षं तिनं हेच केलं होतं. दोघी समोरासमोर बसल्या. सासूनं फोडायचं, सुनेनं गळाला लावायचं. एका दावणीला, म्हणजे गळांच्या लांब दोरीला, दोनशे चाळीस गळ, एकेका गळाला दोन शिंपले. लावून झालेली दोरी वेताच्या पसरट पाटीत वेटोळी करून ठेवायची, आणि वीसएक गळ झाले की त्यावर वाळल्या गवताचा थर द्यायचा, म्हणजे वरचे गळ खालच्यात अडकत नाहीत. थर चुकला तर होडीत दोरी सोडताना गुंता होतो, आणि गुंत्यात माणसाचं बोट सापडलं की दोरी बोटासकट जाते. थर्झाच्या नवऱ्याच्या, रूबेनच्या, डाव्या हाताला साडेतीन बोटं होती. तेव्हा गवत कुणी घातलं होतं, हे घरात कुणी बोलत नसे. केझायानंच घातलं होतं.

थर्झा एकेचाळीस वर्षांची होती. हाडानं रुंद, बोलायला कमी, हसली तर एका गालानं हसणारी. हातांवर गळांच्या खुणा इतक्या, की डॉर्कस शेजारीण म्हणायची, "बाई, तुझा हात उलटा धरला तर त्यातून पीठ चाळता येईल." स्केलविकच्या सगळ्या बायकांचे हात तसेच होते. थर्झाच्या हातात एक जास्तीची गोष्ट होती, ती म्हणजे पेन्सिल.

आदल्या उन्हाळ्यात राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून टेकडीवर मोठा जाळ पेटवला होता. मास्तर ऑल्डरसन तिला तिथंच भेटले. शेजारच्या बंदरातल्या शाळेतून निवृत्त झालेला, उंच, वाकलेला माणूस. कोटाच्या खिशांत कागदच कागद. कुठल्यातरी विद्वानांच्या शहरात एक भलामोठा शब्दकोश तयार होत होता. त्यात साध्या माणसांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे होते, आणि ते गोळा करायला गावोगावची माणसं फुकट राबत होती. मास्तरांच्या वाट्याला काही क्रियापदं आली होती. या किनाऱ्यावर लिहितावाचता येणारी बाई कोण, असं त्यांनी विचारलं, तेव्हा चार बोटं थर्झाकडे वळली. प्रार्थनाघराच्या रविवारच्या शाळेत ती लहानपणी शिकली होती. शिकून उपयोग काही झाला नव्हता. नवऱ्याला वाचता येत नव्हतं, सासूला येत नव्हतं. घरात वाचायला एक बायबल, आणि तेही तिला पाठ.

"मला 'सीझ' हवाय," मास्तर म्हणाले होते. "एकानं दुसऱ्यावर ताबा मिळवला की हा शब्द येतो. पण मिळवला कसा? झडप घालून, कायद्यानं, की नकळत? ते पुस्तकात सापडत नाही, मिसेस हार्लंड. शब्द माझ्याकडे आहे. तो कामावर कसा असतो ते तुम्ही बघून या."

त्यांनी तिला हाताएवढ्या बारा चिठ्ठ्या दिल्या. वर शब्द लिहायचा, मधे माणसानं म्हटलेलं अख्खं वाक्य, आणि खाली बोलणाऱ्याचं नाव न् गाव. नावाबद्दल मास्तर फार कडक. "नाव नसलेला शब्द म्हणजे चोरीचा माल," ते म्हणायचे.

सुरुवातीला गावानं तिची टर उडवली. मग प्रत्येकाला आपलं नाव कोशात जावंसं वाटू लागलं. डॉर्कसनं सांगितलं, "माझ्या कुत्र्यानं पाद्र्याची कोंबडी सीझ केली." लोहारानं सांगितलं, विहिरीचा पंप गंजून सीझ झाला. ही चिठ्ठी बघून मास्तर खुर्चीतच उसळले, कारण इथं पकडणारा कुणी नव्हताच. पंप स्वतःच स्वतःला धरून बसला होता. थेरडा जेबेझ आजोबांच्या काळची गोष्ट कालचीच असल्यासारखी डोळ्यांत पाणी आणून सांगायचा: सरकारी माणसांनी तळघरातली फ्रेंच दारूची पिंपं सीझ केली, सतरा पिंपं, न् एकही प्यायची ऱ्हायली न्हाई. दीर अमोसनं जाड दोरीला बारीक दोरीनं करकचून आवळून दाखवलं, यालाही सीझच म्हणतात. पोटरीत गोळा आला की पाय सीझ होतो, हेही डॉर्कसनंच दिलं, आणि वर एक फुकटचं: "लिही की, जत्रेत माझ्या नवऱ्यानं मला सीझ केलं. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन बघतोय तर काय, सीझ त्योच झालेला!"

अशा अकरा चिठ्ठ्या भरल्या. थर्झा त्या पुनःपुन्हा वाचायची. तिच्या ध्यानात आलं, की प्रत्येक चिठ्ठीत एक धरणारा असतो आणि एक धरला गेलेला. बाकी जगात दुसरं काही घडतच नसावं. आणि आपण स्वतः आजवर काय सीझ केलं, याचा विचार करू लागली की तिला पेन्सिलीशिवाय काही आठवायचं नाही.

बारावी चिठ्ठी मात्र कोरी राहिली.

"समुद्र," मास्तर दर गुरुवारी म्हणायचे. "या अख्ख्या किनाऱ्यावर, वरच्या गावांत, खालच्या गावांत, सगळीकडे म्हणतात, समुद्रानं अमक्याला सीझ केलं. फक्त स्केलविकमधून मला ते मिळत नाही. असं कसं?"

"आमच्यात म्हणत न्हाईत, मास्तर."

"म्हणत नाहीत, की मला सांगत नाहीत?"

थर्झा खाली बघायची.

स्केलविकमध्ये खरोखरच ते म्हणत नसत. डुकराचं नाव घेत नसत, शिट्टी वाजवत नसत, होडीकडे निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नसत. पण ते सगळे नियम आसपासच्या गावांतही होते. हा एक स्केलविकचा स्वतःचा होता. समुद्रानं धरलं, पकडलं, ओढलं, नेलं यातलं काहीही समुद्राच्या नावावर लावायचं नाही. बुडालेल्या माणसाला 'बाहेरच राहिला' म्हणायचं. लग्न होऊन थर्झा या घरात आली तेव्हा केझायानं पहिल्याच आठवड्यात सुरी तिच्याकडे रोखून सांगितलं होतं, "ध्यानात ठेव पोरी. समुद्राला हात न्हाईत म्हणून आपण जगतोय. हात हायेत हे ज्या दिवशी त्याला कुणी सांगंल, त्या दिवसापासनं त्यो वापरायला लागंल."

आणि ज्या घरानं सांगितलं, त्या घराकडून समुद्राचं येणं बाकी, असं गाव मानायचं. चुकून कुणाच्या तोंडून निघालंच, तर होडी ती भरती सोडून देई, बोललेली बाई घरचा विस्तव विझवून पुन्हा पेटवी, आणि महिनाभर तिच्याशी कुणी दावणीला बसत नसे.

थर्झा स्केलविकचीच. बाप बाहेर राहिला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आईनं सांगितलं, "बा बाहेरच राहिला." नऊ वर्षांच्या पोरीला त्यातून काय कळायचं? बाहेर राहिलेला माणूस आत येतो. ती खिडकीत बसायची. जेवताना ताटली मांडायची. दोन हिवाळे तिनं दाराची कडी घालू दिली नाही, आणि आईला धड खरं बोलता येईना, कारण खरं बोलायला जो शब्द लागतो तो तोंडातून काढायची बंदी. शेवटी एका मुलानं तिला खेळताना हसत हसत सांगितलं, तुझा बा कुठला येतोय आता, त्याचं पार खेकड्यांनी... आणि मग तिनं कडी घातली.

तर त्या जानेवारीच्या पहाटे शंभरेक गळ झाले होते. केझाया काठी टेकत मागच्या पडवीत गवत आणायला गेली. वर रूबेन घोरत होता. कंदिलाखाली थर्झाच्या समोर गळ, शिंपले, पाटी. घागऱ्याच्या खिशात चिठ्ठी. उद्या गुरुवार. तिनं विचार केला असं म्हणता येणार नाही. हात पुसला, पेन्सिल काढली आणि एका दमात लिहून मोकळी झाली. वर: सीझ. मधे: समुद्रानं माझ्या बापाला सीझ केलं. खाली: थर्झा हार्लंड, स्केलविक.

लिहिल्यावर छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. बत्तीस वर्षांनी कुणीतरी तिला खरं सांगितलं होतं. तिचंच अक्षर, पण सांगितलं होतं.

पडवीचं दार वाजलं. कागद खिशात घालायला वेळ नव्हता, ओल्या हातानं तो चिकटत होता. तिनं तो पाटीतल्या गवताखाली सारला. केझाया आली, काखेतलं गवत तिनं तिथंच पाटीवर पसरलं आणि दोन्ही हातांनी दाबून सारखं केलं.

"लाव पुढचे. बघत काय बसलीस? भूत बघितलंस का?"

"न्हाई, आई. हात गारठलाय."

"गारठलेला हातच कामाचा. ऊबदार हात झोपतो."

थर्झानं पुढचे वीस गळ लावले. सासू समोरून हलेना. मग पुढचे वीस. कागदावर दोरीची वेटोळी चढत गेली, थरावर थर. सगळं उपसून काढायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

उजाडता उजाडता रूबेन खाली आला. वाफाळता चहा बशीत ओतून प्याला, चरबी लावलेला पाव खाल्ला, दारातून समुद्र बघितला.

"तेल वतल्यागत पडलाय."

"मला न्हाई आवडत," थर्झा म्हणाली.

"तुला कवा आवडलाय? वादळ आलं तरी न्हाई, निवलं तरी न्हाई."

"एक भरती थांबा."

त्यानं वळून बघितलं. "का? काय बोललीस का तू?"

हाच तो क्षण होता. पुढं कित्येक दिवस तो थर्झाच्या डोळ्यांसमोर येत राहिला. व्हय म्हटलं असतं तर होडी वाळूवर राहिली असती, चुलीतला विस्तव विझवावा लागला असता, आणि दुपारपर्यंत गावभर झालं असतं की हार्लंडांच्या सुनेनं नुसतं तोंडानं नाही, तर लिहून, नावगावासकट समुद्राला कळवलं. शिवाय ती खोटं बोलत नव्हती. ती काहीच बोलली नव्हती. न बोलायचा नियम होता. न लिहायचा नियम स्केलविकमध्ये कुणी केलाच नव्हता, कारण लिहिणारं कुणी नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली. "मी काय बोलले न्हाई."

पाटी डोक्यावर घेऊन तीच किनाऱ्यापर्यंत गेली. रोजचंच ओझं, त्या दिवशी मानेच्या शिरा तुटतात की काय असं वाटलं. अमोस आणि त्याचा मेव्हणा होडीला खांदा लावून उभे होते. रूबेननं तिच्या डोक्यावरची पाटी उचलली, होडीत ठेवली, आणि बायकांनी मागून रेटा दिला. होडी पाण्याला लागल्यावर मागून हाक मारायची नाही. थर्झा कमरेपर्यंत भिजून उभी राहिली. तोंड उघडलं होतं, ते तिनं हातानं बंद केलं.

वारा दहाच्या सुमाराला आला. ईशान्येकडून आला, आणि येताना काही सांगून आला नाही. तासाभरात खडकांमधली खिंड पांढरी झाली. स्केलविकच्या होड्यांना घरी यायला ती एकच वाट. दोन्ही बाजूंना काळे खडक, मधे तीन होड्यांएवढी जागा.

बायका धक्क्यावर जमल्या. कुणी विणत होतं, कुणी नुसतं उभं. डॉर्कसचा नवरा सगळ्यांत आधी आला, मग आणखी दोन होड्या. दुपारी बाराला पाच होड्या आत होत्या, एक बाहेर.

"येईल गं," डॉर्कस म्हणाली. "तुझा रूबेन म्हंजे जळू हाय. होडीला चिकटला की सुटत न्हाई."

 थर्झाच्या पलीकडे केझाया काठीवर हनुवटी टेकून उभी होती. तिला खिंड दिसत नव्हती. ती पाण्याकडे नव्हे, सुनेकडे तोंड करून उभी होती.

अशात कड्यावरची पायवाट उतरून मास्तर ऑल्डरसन आले. उद्या पाऊस दिसतो म्हणून एक दिवस आधी निघाले होते. टोपी हातानं धरून ते थर्झाजवळ आले आणि वाऱ्यात ओरडले, "बारावी?"

तिनं त्यांना बाजूला ओढलं. "ती चिठ्ठी समुद्रावर गेलीय, मास्तर. दावणीच्या पाटीत."

मास्तरांच्या चेहऱ्यावर आधी काही नव्हतं, मग हळूहळू आनंद पसरला. "म्हणजे लिहिलीत! म्हणजे म्हणतात स्केलविकमध्ये!"

"माझा नवरा बाहेर हाय."

"हो, हो. देव करो न् सुखरूप येवो." खिशातून कोरी चिठ्ठी निघाली होती, पेन्सिलही. "पण शब्द नेमके काय होते? समुद्रानं... कुणाला? 'धरलं' म्हणताना आधी 'ओढलं' येतं का? आठवतंय तोवर सांगा, मिसेस हार्लंड. एवढंच."

थर्झानं त्यांच्याकडे बघितलं. वाईट माणूस नव्हता तो. पंपाच्या चिठ्ठीवर असाच उसळला होता. पण हातात पेन्सिल घेऊन तिच्या तोंडाकडे बघत उभा असलेला तो उंच, वाकलेला माणूस बघून तिला पहाटेचा समुद्र आठवला.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमची भूक आमच्या घरात भागायची न्हाई. जावा तुम्ही."

"मिसेस हार्लंड..."

"जावा म्हणते ना. अकरा हायेत तुमच्याकडं. अकरात पोट भरा."

ते गेले. आणि कड्याच्या वळणाआड त्यांची टोपी दिसेनाशी होते न होते तोच धक्क्यावर कुणीतरी ओरडलं. खिंडीच्या तोंडाशी होडी होती. एकदा वर आली, एकदा गडप झाली, पुन्हा वर आली. आडवी होऊ लागली, तेव्हा डॉर्कसनं डोळे मिटून घेतले. थर्झानं मिटले नाहीत. एका मोठ्या लाटेनं होडी उचलली आणि दोन्ही खडकांच्या मधोमध आत सोडून दिली. धक्क्यावरच्या म्हाताऱ्यांनीही नंतर कबूल केलं की असं आत आलेलं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. असं वाटलं, की नकोय म्हणून परत केलं.

घरी चुलीपाशी रूबेनचे कपडे वाफाळत होते. त्यानं दोन वाडगे मटणाचं कालवण संपवलं आणि मग टोपी काढून तिच्या अस्तरातून एक ओला कागद बाहेर काढला.

"आता सांग. हे काय घातलं हुतंस पाटीत?"

थर्झाचा हात पातेल्यावर थांबला.

"दावण सोडताना वर आलं. गळ आरपार घुसलेला. अमोस म्हनला, टाक पाण्यात. मी म्हनलं, थांब, हे थर्झाचं अक्षर हाय, बायबलातलं वचन असणार. बायकुनं आपल्यासाठी घातलंय. ओढून घेतलं, तर वरचा तुकडा हातात आला. खालचा गळाबरुबर गेला." तो हसला, लग्नाच्या वेळेनंतर इतकं मोकळं हसताना तिनं त्याला बघितलं नव्हतं. "खिंडीत हुतो तवा टोपीवर हात ठेवला न् म्हनलं, हाय आपल्यापाशी. वाच की. आईलाबी ऐकू दे."

थर्झानं कागद घेतला. वर सीझ होतं, मधे बापाचं वाक्य होतं. खाली फाटलेली कड. तिचं नाव आणि गावाचं नाव त्यावर नव्हतं.

"आणि त्यो गळ?" तिनं विचारलं. "दावण वढली तवा?"

"त्यो? गमतच झाली. त्याच्या अलीकडं मासा, पलीकडं मासा. त्यो तेवढा कोरा. कागद न्हाई, आमिष न्हाई. चाटूनपुसून साफ." त्यानं साडेतीन बोटांनी हवेत पुसून दाखवलं. "वाच ना."

तिनं कागद डोळ्यांसमोर धरला आणि तारवांतून समुद्रावर जाणाऱ्यांसाठी जी प्रार्थना लहानपणी पाठ केली होती ती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली.  रूबेननं मान लववली.

"झकास. आता रोज एक घालत जा."

"रोज?"

"रोज. अमोसलाबी पटलंय. त्यो म्हनला, त्याच्याबी पाटीत एक टाक म्हणावं."

तो वर झोपायला गेला. थर्झानं कागद चुलीत टाकला. ओला होता, जळायला वेळ लागला. 

"फार लांब वचन हुतं," केझाया म्हणाली. "एवढ्याशा कागदावर."

थर्झानं पातेलं खाली उतरवलं.

"मला वाचता येत न्हाई. मोजता येतं." म्हातारी काठीनं निखारे सारखे करत राहिली. "खालच्या तुकड्यावर काय हुतं?"

"नाव."

"कुणाचं?"

"माझं, आई."

केझायानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. सुरी रोखून बोलणारी ती म्हातारी त्या दिवशी एकदम आजारी दिसली. मग ती उठली आणि बादलीतलं पाणी चुलीत ओतून विस्तव विझवला. फस्स करून राख घरभर उडाली. वरून रूबेन ओरडला, "काय झालं?" केझाया म्हणाली, "काय न्हाई. माझ्या हातनं बादली सांडली." आणि अंधुक उजेडात चाचपडत तिनं स्वतःच्या हातानं नवा जाळ पेटवला. गावात कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा निवला. समुद्र पुन्हा सपाट, शिसं ओतल्यासारखा. पिंपातले उरलेले शिंपले मेले होते. वास सुटला होता. आमिष नसलं की स्केलविकच्या बायका ओहोटीला कड्याखालच्या खडकांवर जातात आणि तिथं चिकटलेले टोपीसारखे शिंपले खरवडून आणतात. थर्झानं घागरा वर खोचला, दोरीनं आवळला, टोपली कमरेला लावली.

"आज डॉर्कसला जाऊ दे," केझाया दारातून म्हणाली.

"गळ माझ्या नवऱ्याचे, न् आमिष डॉर्कसनं आणायचं?"

"मग मी येते."

"तुम्ही? तुम्हाला उचलून आणायला आणखी दोन बायका लागतील." थर्झा एका गालानं हसली. "बसा तुम्ही. रूबेनला चहा द्या. त्याला म्हणावं, मी आल्यावर वचन लिहून देते."

"पाण्याकडं पाठ करू नगंस."

"न्हाई करत."

"न् लांब जाऊ नगंस. पहिल्या खडकावरच."

"पहिल्या खडकावरचे परवाच संपलेत, आई."

ती गेली. पहिला खडक ओलांडला, दुसरा ओलांडला. पाणी बरंच मागं गेलं होतं. इतकं मागं, की एरवी न दिसणारे शेवाळी दगड उघडे पडले होते आणि त्यांवर टोपी-शिंपले दाटीवाटीनं बसले होते. असं भरघोस तिनं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. या शिंपल्यांची एक तऱ्हा आहे. पहिल्याच फटक्यात, तो बेसावध असताना उडवला तर सुटतो. एकदा का त्याला चाहूल लागली की तो खडकाला असा आवळून धरतो, की मग सुरी तुटते.

थर्झा तिरपी बसली, डावा डोळा पाण्यावर ठेवून. सुरी लावली, दगडानं ठोकलं. एक टोपलीत पडला. पुढचा. त्याच्या पुढचा. दोनशे चाळीस गळ होते, आणि भरती लागायला तास होता.